वरातीच्या मोटारीचं इंजिन

॥ श्री ॥

अमरावती, ता. १९ ऑगस्ट १९४६

रा. रा. हरिहरपंत यांस,
गोपाळकृष्ण वकील यांचा नमस्कार. विनंती विशेष.

आपल्या भगिनीच्या विवाहप्रसंगी आपल्या कै. तीर्थरूपांनी आम्हांस आनंदाने दिलेली मोटार सध्या आमच्या आवारात उभी आहे. उभीच आहे, चालत नाही. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा आमच्या सांगण्यावरून किसनराव ड्रायव्हरने त्यात रॉकेल मिसळले. इंजिन कामातून गेले. इथल्या मिस्त्रीने हात टेकले. दिलेली वस्तू चालती राहील हे पाहणे देणाऱ्याच्या वारसाचे कर्तव्य होय, असे आमचे मत आहे.

डॉक्टरांचे चिरंजीव असून तुम्ही मोटारींचे काळे तेल हाताला फासून घेता, याचे आम्हांस नेहमी वाईट वाटे. आता त्या विद्येचा उपयोग होऊ द्या. मार्गशीर्षात आमच्या धाकट्या चिरंजीवांचे लग्न मोर्शीचे कमलाकांतपंत यांच्या कन्येशी ठरले आहे. नवरदेव याच मोटारीतून मांडवात जातील. तरी जुने इंजिन काढून दुसरे चांगले दणकट घालून द्यावे. गाडी एका लॉरीमागे बांधून पाठवीत आहोत.

चि. सौ. रमा खुशाल आहे. तिच्या आमटीत मीठ अद्याप कमीच पडते.

लोभ असावा.
गोपाळकृष्ण


अकोला, ता. २७ ऑगस्ट १९४६

चि. सौ. रमा हीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या मैत्रिणीच्या, अनुपमाच्या पत्त्यावर टाकतो आहे. तुझ्या नावाचं पाकीट आधी तुझे सासरे फोडतात हे मला ठाऊक आहे.

बाबांची मोटार काल माझ्या गॅरेजच्या दारात आली. लॉरीमागे दोरखंडाने बांधून, धुळीने माखलेली. डाव्या सीटवर बाबांची औषधांची पेटी असायची, तिथलं कातडं घासून पांढरं पडलंय ते तसंच आहे. माणसं बघत होती म्हणून मी बॉनेट उघडून त्यात तोंड घातलं.

लग्नात काय झालं ते तुला पुरतं कोणी सांगितलं नसेल. तू आत गौरीहरापुढे बसली होतीस. बाबा तर बोललेच नाहीत. ऐक मग. जानवसघरून नवरदेवाला आणायला आपलीच मोटार गेली होती, आपलाच किसनराव चालवत होता. मांडवाच्या दारात तुझे सासरे दाराखालच्या फूटबोर्डावर चढून उभे राहिले आणि म्हणाले, ही मोटार मिळाल्याशिवाय मुलगा खाली उतरणार नाही. बाबा म्हणाले, हिच्यातून मी बार्शीटाकळीपर्यंत रोगी बघायला जातो, दुसरं काहीही मागा. त्यावर ते ओरडले, ‘गाडी वळव! वरात परत!’

हा रुसवा असतो, सगळ्यांना माहीत असतं. गाडी चार पावलं जाते, मुलीचा बाप धावत येतो, मान्य म्हणतो, गाडी थांबते. पण तुझ्या सासऱ्यांनी थांबवली नाही. आपली मोटार म्हातारी, माणूस धावला तर बरोबरीने राहील एवढीच तिची चाल. बाबा हात जोडून बाजूने धावत होते आणि हा माणूस फूटबोर्डावरून खाली बघत म्हणत होता, ‘हळू घे किसनराव, व्याह्यांना दम लागतोय.’ पार रेल्वेच्या फाटकापर्यंत. बाबांनी कधीच हो म्हटलं होतं. तरी फाटकापर्यंत धावायला लावलं. वर गाडीबरोबर किसनरावलाही नेलं.

नंतर बाबा टांग्यातून रोगी बघायला जायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, जावयाला हौस होती. वर्षाच्या आत गेले. डॉक्टर मंडळी म्हणाली, हृदय. मी काय म्हणतो ते तुला माहीत आहे.

तुझ्या सासऱ्यांना मी कळवलं, ‘आज्ञा शिरसावंद्य, इंजिन असं घालतो की मोर्शी विसरणार नाही.’ त्यांना ते फार आवडेल. रमा, मला न्याय वगैरे नको. न्याय त्यांच्या धंद्यातली चीज आहे. मला त्या माणसाची फजिती हवी आहे, तीही भर मांडवाच्या दारात. कशी करायची ते अजून कळत नाही, पण नागपूरकडे लष्कराच्या जुन्या लॉऱ्यांचा लिलाव निघालाय, तिथे जातो आहे.

तुझा,
दादा


अमरावती, ता. ५ सप्टेंबर १९४६

ती. दादास रमाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मला पुरतं माहीत नसेल असं तुला वाटलं. दादा, मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कोर्टातली मंडळी चहाला आली की मामंजी ती हकीकत सांगतात. नुसती सांगत नाहीत, करून दाखवतात. उठतात, उपरणं कमरेला गुंडाळतात, हात जोडतात आणि बैठकीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बाबांसारखे धावतात. बाबांचा डावा पाय जरा ओढायचा, तोसुद्धा ओढतात. मंडळी पोट धरधरून हसतात. चहाचा ट्रे माझ्या हातात असतो. एकदा मला विचारलं, ‘काय सूनबाई, असेच ना?’

हे तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. हे वाईट नाहीत रे, पण बापासमोर यांचा आवाज फुटत नाही.

मोर्शीला पुन्हा तोच खेळ व्हायचा आहे. कमलाकांतपंत शाळेचे हेडमास्तर. त्यांची विहिरीजवळ संत्र्याची एक बाग आहे, त्यावर घर चालतं. साखरपुड्याला गेलो तेव्हा मामंजी ती बाग बघून आले. मग मांडव कुठे पडणार, मोटार कुठून वळेल तेही पाहून आले. किसनरावला सांगून ठेवलंय की मी वळव म्हणालो की वळवायची, थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही.

तू घालशील ते इंजिन जुन्यासारखंच हळू चालेल का? सहज विचारते.

तुझी,
रमा


अकोला, ता. १३ ऑक्टोबर १९४६

चि. सौ. रमास आशीर्वाद.

तुझं ते ‘सहज’ वाचून मी गॅरेजात एकटाच मोठ्यांदा हसलो. गाडी आल्यापासून ज्याच्यावर डोकं खपवत होतो ते तू एका ओळीत दिलंस.

इंजिन मिळालं. लष्कराच्या लॉरीचं, सहा सिलिंडरचं. आपल्या मोटारीच्या बॉनेटखाली मावेना. रेडिएटर पुढे सरकवला, मधली पट्टी कापली, चासीवर नवे पाय ठोकले. जुन्या गिअरबॉक्सशी त्याचं जमेना, मग मध्ये एक जाड लोखंडी चकती कातून घातली. आठ दिवस त्या चकतीनं माझा जीव खाल्ला. आता सेल्फचं बटण दाबलं की एका दमात सुरू. पूर्वी हँडल मारून मारून किसनरावचा खांदा दुखायचा, आठवतं ना? परवा रिकाम्या रस्त्यावर नेली. बोर्डिंगची पोरं टाळ्या पिटत बाजूला पळाली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. किसनराव जुन्या इंजिनावर पाय तळापर्यंत दाबून धरायचा, तेव्हा कुठे गाडी रांगायची. इतक्या वर्षांची ती सवय त्याच्या पायात बसली आहे. बाजाच्या मागे हळूहळू जाताना त्याला काही कळायचं नाही, पण ‘वळव, चल’ म्हटल्यावर तो पाय दाबणारच. या इंजिनावर तसा दाबला तर गाडी रांगणार नाही, उडी घेईल.

आणि थांबणारही नाही. ब्रेक जुनेच आहेत, सळईचे, मागच्या दोन चाकांपुरते. म्हातारीला ते पुरत होते. इंजिन बदललं की ब्रेक बदलायचे, हे कुठलाही मिस्त्री सांगेल. मीही तुझ्या सासऱ्यांना लिहिलं, ब्रेक नवे घालू का? उत्तर आलं, ‘तुमच्या वडिलांना चालले ते ब्रेक आम्हांस चालतील. इंजिन मागितले आहे, इंजिन द्या.’ बरं. का बदलायचे हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

म्हणजे असं होईल. ते फूटबोर्डावर चढून ‘वरात परत’ म्हणतील. गाडी सुटेल. ‘थांब’ म्हणतील. थांबणार नाही. मुलीच्या बापाला दमवायला निघालेला माणूस आपलाच मुलगा घेऊन गावाबाहेर जाईल, मुहूर्त निघून जाईल आणि सबंध मोर्शी बघेल. रस्ता सरळ आहे, दोन्हीकडे शेतं आहेत, कोणी मरणार नाही. मरायला नकोच आहेत ते मला. त्यांनी जगावं आणि लोकांनी ही हकीकत सांगावी.

दादा


अमरावती, ता. २१ ऑक्टोबर १९४६

ती. दादास शि. सा. नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. वाचताना मला इतकं बरं वाटलं की माझीच मला भीती वाटली.

पण तू एक विसरलास. गाडी सुटली तर तिच्यामागे धावणार कोण? कमलाकांतपंत. बाबांना निदान गाडीच्या बरोबर राहता आलं. या बिचाऱ्यांना ती दिसेनाशी होईपर्यंत धावावं लागेल. मुलगी मांडवात, मुहूर्त टळलेला, आणि बाप रस्त्यावर. तुझं इंजिन बाबांच्या वैऱ्याला लागायचं सोडून दुसऱ्या एका बाबांना लागेल.

त्यांची शकुन मला साखरपुड्याला भेटली. माझ्या हातांवरचे चटके बघत म्हणाली, ‘वहिनी, तुमच्या घरची माणसं कशी आहेत?’ मामंजी दाराशीच होते. मी म्हटलं, ‘चांगली आहेत.’ तेव्हापासून मला धड झोप नाही.

रमा


अकोला, ता. २ नोव्हेंबर १९४६

चि. सौ. रमास आशीर्वाद.

तुझं म्हणणं बरोबर आहे, म्हणूनच मला तुझा राग आला. चार दिवस पत्राला हात लावला नाही.

पण ब्रेक मी बदलणार नाही. तीन वर्षं मी या माणसाला ‘आपला आज्ञाधारक’ म्हणून पत्रं लिहितो आहे. कमलाकांतपंतांनी धावू नये असं तुला वाटतं ना, तर तसं त्यांना सांगायचं काम तुझं. तू त्या मांडवात असशील, मी नसेन. मला हुकूम आहे की आदल्या दिवशी गाडी थेट मोर्शीला जानवसघरी पोचती करायची, माझ्याच पेट्रोलच्या कुपनांवर, चावी किसनरावच्या हातात द्यायची आणि आल्या पावली परत जायचं. सुनेच्या माहेरच्या मिस्त्रीला पंगतीत कुठे बसवणार, हा त्यांच्यापुढे प्रश्न!

मी तसंच करणार आहे. चावी देईन, नमस्कार करीन आणि बसने परत येईन.

दादा


अमरावती, ता. ५ डिसेंबर १९४६

ती. दादास शि. सा. नमस्कार.

घाईत लिहिते. परवा सकाळी आम्ही सगळे बसने मोर्शीला निघू. लग्न आठ तारखेला, गोरज मुहूर्त. कमलाकांतपंतांशी बोलायचं मी ठरवलंय, कसं आणि कधी ते देव जाणे. यांना मी काही सांगितलेलं नाही.

तू गाडीचं काही बदलू नकोस. जसं आहे तसंच राहू दे.

भावजींना बहीण नाही, म्हणून करवली मीच. मोटारीत मागच्या सीटवर, भावजींच्या शेजारी, हातात पाण्याचा करा घेऊन बसायचं आहे. नवी पैठणी मिळाली आहे, जांभळी.

रमा


तार
अकोला, ता. ८ डिसेंबर १९४६

रमा, मार्फत कमलाकांतपंत हेडमास्तर, मोर्शी.
मोर्शीहून परतल्यावर पत्र मिळालं. गाडीत बसू नकोस. ब्रेक धरत नाहीत. किसनरावला ताबडतोब सांग.
हरिहर


मोर्शी, ता. १० डिसेंबर १९४६

ती. दादास शि. सा. नमस्कार.

आधी हे वाच. मी धडधाकट आहे. कपाळावर एक टेंगूळ आलंय, तेवढंच. बाकी कोणालाही मोठी इजा नाही.

तुझी तार मिळाली. दुपारी कमलाकांतपंत स्वतः ती घेऊन जानवसघरी आले, वाईट बातमी असेल म्हणून घाबरलेले. मी वाचली, पदराखाली घेतली, ‘आमच्या दादाचा आशीर्वाद आहे’ म्हटलं. मग त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, ‘संध्याकाळी मामंजींनी गाडी वळवायला लावली तर तुम्ही मागे धावू नका. माझ्यावर विश्वास ठेवा.’ ते माझ्याकडे बघत राहिले. ते गेल्यावर मी तार आंघोळीच्या बंबात घातली.

होय, मी किसनरावला सांगितलं नाही. तू चिडशील. पण दादा, मी गाडीतून उतरले असते तर मामंजींनी कारण विचारलं असतं. आणि खरं सांगू? मला ते मागच्या सीटवरून बघायचं होतं. तीन वर्षं मी ती नक्कल ट्रे हातात धरून पाहिली. हे मी सोडणार नव्हते.

वरात बाजासकट मांडवापर्यंत नीट आली. किसनरावने गाडी इतकी हळू आणली की मला वाटलं, तुझं काहीतरी चुकलं. मांडवाच्या दारात मामंजी खाली उतरले. कमलाकांतपंत ताट घेऊन पुढे आले. मामंजींनी ताट हातानेच मागे सारलं आणि बागेची गोष्ट काढली. कमलाकांतपंत म्हणाले, ‘ती बाग आमचं पोट आहे.’ झालं. मामंजी फूटबोर्डावर चढले, एका हातानं दार धरलं, दुसरा हात वर केला आणि म्हणाले, ‘किसनराव, गाडी वळव! वरात परत!’ त्यांचा चेहरा मला अगदी जवळून दिसत होता. बैठकीत नक्कल सुरू करण्याआधी दिसतो तसाच, मजेत.

गाडी वळेपर्यंत ठीक होतं. मग किसनरावने पाय दाबला.

दादा, तुझ्या इंजिनाने असा आवाज केला की बाजावाल्यांनी बाजे टाकले. मी आणि भावजी सीटवर मागे आपटलो. कऱ्यातलं पाणी सगळं माझ्या पैठणीवर. मामंजींचा हात सुटला, ते धुळीत बसले, पागोटं एकीकडे, उपरणं एकीकडे. मी मागे वळून पाहिलं. ते उठले. आणि धावू लागले! ‘थांबव! अरे थांबव! माझा मुलगा!’ धोतर सुटलं होतं, एक हात त्यात, दुसरा वर. मांडवातली सगळी माणसं रस्त्यावर आली होती. त्यांच्यात कमलाकांतपंत होते, ताट तसंच हातात, जागचे हलले नव्हते. गाडीमागे एकटे मामंजीच धावत होते.

मला दया यायला पाहिजे होती. बाई माणूस, सून, देवाधर्माचा दिवस. नाही आली. मी सीटवर गुडघे टेकून उभी राहिले, म्हणजे नीट दिसावं.

ते नाक्यापर्यंत धावले. मग दिसेनासे झाले. आम्ही पुढे एका बागेत शिरलो, नुकतंच पाणी दिलेलं होतं, चाकं चिखलात रुतली आणि गाडी थांबली. टप उघडाच होता, झाडावरची संत्री धबाधबा आमच्या अंगावर पडली. भावजी थरथरत होते. किसनराव मात्र स्टिअरिंग धरून शांत बसलेला. मी म्हटलं, ‘किसनराव, ब्रेक लागला नाही ना?’ तर म्हणतो, ‘बाई, पयले सवयीनं पाय दाबला. मंग मले समजलं. पाय उचलला असता तं गाडी नाक्यावरच हळू झाली असती.’ ‘मग काहून नाही उचलला?’ तर म्हणे, ‘त्या टाइमाले डॉक्टरसायेबाच्या बाजूनं गाडी मीच चालवून राहिलो होतो ना बाई. तवापासून मले जेवण गोड लागत नाही.’

आता पुढचं. आम्ही पायी मांडवात परत आलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. मामंजी दारातच एका बाजेवर बसले होते, श्वास लागलेला, गुडघे फुटलेले. आणि दादा, हात जोडून बोलत होते. ‘झालं गेलं विसरा, बाग नको, पुढचा मुहूर्त धरू, मुलीला उभी करा.’ शकुन आत होती. तिची आई रडत होती. बायका कुजबुजत होत्या की आता नाही म्हटलं तर पोरीचं नाव खराब होईल.

कमलाकांतपंत माझ्याकडे वळले. सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तुम्ही त्या घरात तीन वर्षं आहात. तुम्हीच सांगा. मुलगी द्यावी का?’

हे माझ्या समोरच उभे होते. मामंजी माझ्याकडे बघत होते. काय उत्तर द्यायचं ते मला डोळ्यांनीच सांगत होते. मी म्हटलं, ‘देऊ नका.’

का, असं त्यांनी विचारलं. मग मी सांगितलं. बाबांची मोटार, फाटक, टांगा, बैठकीतली नक्कल, डाव्या पायासकट, सगळं. पदर दातात न धरता, वर मान करून. मामंजी उठले आणि म्हणाले, ‘ही बाई आजपासून आमच्या घरची नाही.’ आणि ते, भावजी आणि बाकीचे बसच्या अड्ड्याकडे गेले. हे सगळ्यांच्या शेवटी गेले. एकदा वळून पाहिलं, पण गेले.

मी इथे शकुनच्या खोलीत आहे. तिचे आईवडील मला जेवल्याशिवाय उठू देत नाहीत. पुढे काय, ते मला माहीत नाही.

रमा


अकोला, ता. १३ डिसेंबर १९४६

चि. सौ. रमास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी आधी हसलो, मग घाम फुटला, मग देवापुढे दिवा लावला. तू आगाऊ, हट्टी, वेडी मुलगी आहेस. तार बंबात घातलीस! रस्त्यात एखादी बंडी आडवी असती तर? मी इथे आठ तारखेची ती संध्याकाळ कशी काढली ते माझं मला माहीत.

माझा सूड मिळाला. अकोल्याच्या बाररूममध्ये हकीकत कधीच पोचली. काल एका वकिलाने मला रस्त्यात थांबवून विचारलं, ‘काय हो, तुमचं इंजिन घोड्यांचं की वाघांचं?’ मी खूप खूश व्हायला हवं होतं, आणि होतोही. पण रात्री बाबांच्या फोटोकडे बघितलं तेव्हा वाटलं, मी पेटीत पाना ठेवून हात धुऊन मोकळा झालो, आणि किंमत तू दिलीस.

आता पुरे. मी रविवारी मोर्शीला येतो, तुला घरी आणतो. गाडी चिखलातून काढून तिचे ब्रेकही बदलतो. बाबांची खोली रिकामीच आहे.

दादा


अमरावती, ता. ९ फेब्रुवारी १९४७

ती. दादास शि. सा. नमस्कार.

रविवारी तू मोर्शीला आलास तेव्हा मी तुझ्याबरोबर निघाले नाही, म्हणून तू रागावून गेलास. दोन महिने तुझं पत्र नाही. आता हे वाच, मग रागाव.

तू गेल्यावर चार दिवसांनी हे मोर्शीला आले. मी यांना पहिल्यांदा असं पाहिलं, दाढी वाढलेली, हातात पिशवी. म्हणाले, ‘बाबांना सांगून आलोय. तू घरात नसशील तर मीही नाही.’ एवढं एकच वाक्य, पण बापासमोर म्हटलेलं. मी विचारलं, ‘आणि ते काय म्हणाले?’ हे म्हणाले, ‘काहीच नाही. आणा म्हणाले.’

का आणा म्हणाले ते इथे आल्यावर कळलं. मोर्शीची गोष्ट सगळ्या वऱ्हाडभर फिरली आहे, आणि तिच्यातलं धावणं लोक सांगतात त्याहून जास्त माझं उत्तर सांगतात. भावजींसाठी दोन ठिकाणांहून बोलणी आली. दोन्ही मुलींच्या बापांनी पाणीसुद्धा घेण्याआधी म्हटलं, ‘आधी तुमच्या थोरल्या सूनबाईंशी बोलू द्या.’ मी मोर्शीला होते, त्यामुळे दोघेही तसेच परत गेले. मी घरात नसले तर भावजींना मुलगी मिळत नाही, दादा. इतकं साधं आहे. म्हणून मी परत आले. तुझ्याकडे आले असते तर या घरात माझं नाव कोणी काढलं नसतं, आणि मामंजींनी चार महिन्यांत पुन्हा कोर्टाच्या मंडळींना चहाला बोलावलं असतं.

चहाची मंडळी आता येत नाहीत. मामंजी कोर्टात चालत जातात, काठी घेऊन. गाडी आवारात आहे. तू तिचे ब्रेक बदललेस ते चांगलं केलंस. हे मला ती चालवायला शिकवत आहेत, म्हणजे किसनराव आम्हा दोघांनाही शिकवतो आहे. आमटीत मीठ मी माझ्या अंदाजाने घालते.

काल शेंदूरजनाघाटहून एक गृहस्थ आले. मुलगी शिकलेली, पत्रिका जुळते. मामंजींनी स्वतः आत येऊन माझ्यासाठी बैठकीत खुर्ची मांडली आणि म्हणाले, ‘सूनबाई, यांना जरा... तुम्हाला योग्य वाटेल ते सांगा.’ माझ्याकडे न बघता. मग ओसरीवर जाऊन उभे राहिले. दार उघडंच होतं.

भावजी मुळात वाईट नाहीत. बागेत थरथरत होते तेव्हाही त्यांनी आधी मला लागलं का, ते विचारलं. बहुधा मी हो म्हणेन. पण कालच्या काल नाही. मी त्या गृहस्थांना म्हटलं, ‘आधी चहा घ्या. मी विचार करून आठवड्याने कळवते.’ चहा मीच केला, सावकाश, आलं किसून. त्यांच्या मुलीची चौकशी केली. गाण्याची आवड आहे म्हणाले. मग आम्ही गाण्याबद्दल बोललो, मोर्शीच्या संत्र्यांबद्दल बोललो, यंदाच्या कापसाबद्दल बोललो.

मामंजी तेवढा वेळ ओसरीवर काठी टेकून उभे होते. त्यांचे गुडघे अजून बरे नाहीत. त्यांना बसा म्हणायचं माझ्या लक्षात होतं. मी म्हटलं नाही.

तुझी,
रमा